राजाचा वकील, व्यापाऱ्यांचा खर्च: इस्तंबूलमधल्या फ्रेंच राजदूतांची गोष्ट

सतराव्या-अठराव्या शतकात इस्तंबूलला जाणारा फ्रेंच राजदूत नेमायचा राजा, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार उचलायचे मार्सेचे व्यापारी. मार्से हे फ्रान्सचं भूमध्य समुद्रावरचं बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांचं मंडळ 1599 मध्ये उभं राहिलं. पूर्वेकडच्या व्यापारावर ते जी पट्टी वसूल करत, तिच्यातून राजदूताचा तनखा जायचा, दरबारातले नजराणे जायचे आणि कधीकधी त्याने करून ठेवलेली कर्जंही फेडावी लागायची. थोडक्यात, हा माणूस सुलतानाच्या दरबारात राजाच्या इभ्रतीसाठी भांडणार आणि भांडण अंगाशी आलं की त्याची भरपाई मार्सेचे दुकानदार करणार. या वकिलातीत पुढे जे जे विचित्र प्रकार घडले, त्यातले बरेचसे ही ओढाताण लक्षात ठेवली की समजतात.

पण मुळात फ्रान्सच्या कॅथलिक राजाला ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानाच्या दारी जायची गरज का पडली? कारण स्पेन. 24 फेब्रुवारी 1525 रोजी इटलीतल्या पाव्हियाच्या लढाईत राजा पहिला फ्रान्स्वा हरला आणि सम्राट पाचव्या चार्ल्सच्या कैदेत सापडला. चार्ल्सच्या घराण्याकडे स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, इटलीचा बराच भाग. फ्रान्स चहूबाजूंनी वेढलेला. राजाच्या आईने, लुईझ ऑफ सव्हॉयने, मुलाच्या सुटकेसाठी सुलतान सुलेमानकडे माणूस धाडला. तो बोस्नियातच मारला गेला. दुसरा, जाँ फ्रांजिपानी, पोहोचला. सुलेमानने 1526 मध्ये दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. आधी स्वतःच्या पदव्यांची आणि मुलखांची भलीमोठी यादी, मग ‘तू, फ्रान्स देशाचा राजा फ्रान्स्वा’ असा एका ओळीत उल्लेख, आणि शेवटी दिलासा: राजे हरतात, कैदेत पडतात, खचू नकोस, आमच्या घोड्यावर रात्रंदिवस खोगीर कसलेलं असतं आणि कमरेला तलवार असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुलेमानने मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचं सैन्य संपवलं. चार्ल्सच्या भावाला त्यामुळे पूर्वेकडे कायमचं घोर लागलं. फ्रान्सला हवं होतं ते हेच.

सुरुवातीचे दूत मुत्सद्द्यांपेक्षा साहसी माणसं होती. अंतोन्यो रिंकॉन हा जन्माने स्पॅनिश, फितून फ्रान्सच्या चाकरीत आलेला. 1541 मध्ये तो इटलीतून पो नदीने नावेत बसून इस्तंबूलकडे परत निघाला असताना चार्ल्सच्या माणसांनी त्याला गाठून ठार केलं. 1535 मध्ये आलेला जाँ द ला फोरे हा पहिला कायम राहणारा राजदूत मानला जातो. त्याच्यानंतर काही वर्षांनी आलेल्या कॅप्टन पोलाँने तर आरमारच मिळवलं: 1543 मध्ये ऑटोमन आरमारप्रमुख खैरुद्दीन बार्बारोसाच्या ताफ्याने फ्रेंचांबरोबर नीस शहराला वेढा घातला आणि मग हिवाळा काढायला सगळा ताफा, सुमारे 30,000 माणसं, फ्रान्सच्या तुलाँ बंदरात उतरली. राजाने तुलाँच्या रहिवाशांना घरं खाली करायला सांगितलं. ख्रिस्ती युरोपात फ्रान्सची यावरून किती छीथू झाली असेल ते सांगायला नको. 1548 मध्ये दारामाँ नावाचा राजदूत सुलेमानबरोबर थेट इराणच्या मोहिमेवर गेला आणि व्हानच्या किल्ल्यापुढे तोफा कुठे लावाव्यात यावर सल्ला देत बसला.

आता मुद्द्याचा कागद. ऑटोमन दरबार परक्या राज्याच्या प्रजेला व्यापाराची आणि वास्तव्याची परवानगी अहदनाम्याने देत असे. युरोपीय लोक त्याला कॅपिट्युलेशन म्हणत. हा दोन बरोबरीच्या राजांमधला तह नव्हता. सुलतानाने कृपावंत होऊन दिलेली सनद होती. त्यात काय असे? फ्रेंच व्यापाऱ्याने ठरावीक जकात भरावी, बाकी कर माफ. फ्रेंच माणसांचे आपसातले तंटे त्यांचा राजदूत किंवा कॉन्सल, म्हणजे व्यापारी शहरातला फ्रेंच प्रतिनिधी, सोडवेल. फ्रेंच माणसाचा स्थानिकाशी दावा लागला तर कॉन्सलचा दुभाषी हजर असल्याशिवाय काझीने निकाल द्यायचा नाही. जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंना त्रास नको. आणि ज्या राष्ट्रांची स्वतःची सनद नाही त्यांनी फ्रेंच निशाणाखाली यावं. इंग्रज व्यापाऱ्यांना 1580 मध्ये स्वतःची सनद मिळाली, पण निशाणावरून फ्रेंचांशी त्यांची वर्षानुवर्षं जुंपलेली होती.

पाठ्यपुस्तकांत ही पहिली सनद 1536 ची म्हणून येते. प्रत्यक्षात तो ला फोरे आणि वजीर इब्राहिम पाशा यांनी केलेला मसुदा होता; मार्च 1536 मध्ये सुलेमानने इब्राहिमचा गळा आवळायला लावला, आणि सुलतानाची मोहोर असलेली प्रत कुणाला सापडलेली नाही. पक्की म्हणता येईल अशी सनद 1569 ची, सेलिम दुसरा याच्या कारकिर्दीतली.

सनदेची एक अट सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. ती देणाऱ्या सुलतानाच्या हयातीपुरतीच चाले. घरमालक बदलला की भाडेकरूने पुन्हा नवा करार करून घ्यायचा, तसं. नवा सुलतान गादीवर आला की फ्रेंच राजदूत नजराणे घेऊन वजिराच्या दारात उभा. दरम्यान वजीर नाराज असेल, फ्रान्सने कुठे व्हेनिसला मदत केली असेल, तर नूतनीकरण लांबणीवर. तेवढ्या काळात इझमीर नाहीतर अलेप्पोचा जकात अधिकारी फ्रेंच व्यापाऱ्याकडून हवं ते मागू शके. इंग्रज आणि डच 3 टक्के जकात भरत असताना फ्रेंच 5 टक्के भरत होते. कापडाच्या धंद्यात दोन टक्क्यांचा फरक म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला विचारावं.

खुर्ची आणि तलवार

दरबारी मानापमानाच्या ज्या गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात, त्या या पार्श्वभूमीवर वाचायला हव्यात. राजदूताची सुलतानाशी पहिली भेट बहुधा जानिसारी सैनिकांचा पगार वाटायच्या दिवशी ठेवत, म्हणजे पाहुण्याला पैशांच्या थैल्यांचे ढीग आणि शिस्तीत उभं सैन्य दिसावं. मग दिवाणात, म्हणजे वजिरांच्या दरबारात, जेवण, मग अंगावर मानाचा काफ्तान, आणि दोन्ही दंड दोन दरबाऱ्यांनी धरलेल्या अवस्थेत सुलतानापुढे उभं करणं. बोलणं थोडंच; सुलतान बहुधा वजिरातर्फे उत्तर देई. पेशवे दरबारात वावरलेल्या वकिलांना नजराणे, वस्त्रं आणि बसायच्या जागेवरून होणारी रुसवेफुगवी यातलं काहीच नवं वाटलं नसतं.

चौदाव्या लुईला मात्र हे चालेना. आपण युरोपातला पहिला राजा, तर आपला राजदूत खाली कसा बसेल? आधीच कटुता होती. तुर्क आणि व्हेनिस यांच्यातल्या क्रीट बेटाच्या युद्धात फ्रेंच छुपेपणाने व्हेनिसला मदत करत असल्याचा संशय मुख्य वजीर कोप्रुलू मेहमेद पाशाला आला, सांकेतिक लिपीतली पत्रं हाती लागली आणि ती उलगडून द्यायला नकार दिल्यावर राजदूत द ला हे याच्या मुलाला मारहाण करून कोठडीत टाकलं गेलं. म्हातारा बापही कैदेत गेला. त्यानंतर 1670 मध्ये आला मार्की द नुआंतेल. या माणसावर थोडं रेंगाळलं पाहिजे, कारण सगळ्या राजदूतांत तो मला सर्वांत पुरा वाटतो: कर्तबगार, उधळ्या, कलासक्त, आणि शेवटी दिवाळखोर.

1673 मध्ये त्याने सनद नव्याने मिळवली आणि जकात 5 वरून 3 टक्क्यांवर आणली. मार्सेच्या दृष्टीने त्याचं काम तिथेच झालं होतं. नुआंतेल मात्र लवाजमा घेऊन ग्रीक बेटं, जेरुसलेम, अथेन्स अशा दौऱ्यावर निघाला. त्या वर्षीचा नाताळ त्याने अँटिपॅरोस बेटावरच्या गुहेत, लवणस्तंभांच्या मधे, मशाली लावून शेकडो माणसांसह साजरा केला. 1674 मध्ये अथेन्सला पोहोचल्यावर सोबतच्या चित्रकाराकडून पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिरावरच्या शिल्पांची रेखाटनं करून घेतली. तेरा वर्षांनी, 1687 मध्ये, व्हेनिसचा तोफगोळा तिथल्या बंदुकीच्या दारूच्या साठ्यावर पडला आणि मंदिराचा मध्यभाग उडाला. त्याआधी ती शिल्पं कशी होती हे कळायला आज अभ्यासकांचा मुख्य आधार ही रेखाटनंच आहेत. त्याच्या पदरी आंत्वान गालाँ नावाचा तरुण होता, ज्याने पुढे ‘अरबी रात्री’ फ्रेंचमध्ये आणून युरोपला वेड लावलं. हे सगळं कर्जाच्या पैशावर चाललं होतं हे वेगळं सांगायला नको.

1677 मध्ये कारा मुस्तफा मुख्य वजीर असताना नुआंतेल भेटीला गेला तर त्याचं बसायचं स्टूल सोफ्यावर, म्हणजे दालनातल्या उंच भागावर, न ठेवता खाली ठेवलेलं. त्याने ते वर ठेवायला लावलं. वजिराच्या माणसांनी खाली आणलं. शेवटी नुआंतेल उठून चालता झाला. पण वजिराशी अबोला धरून व्यापार चालणार कसा? काही काळाने त्याने खालची जागा पत्करली. व्यापारी सुटले, राजा संतापला, आणि 1679 मध्ये कर्जात बुडालेल्या नुआंतेलला परत बोलावलं गेलं.

त्याच्या जागी आलेल्या गियरागला हुकूम होता: सोफ्यावर जागा नसेल तर भेटच घ्यायची नाही. तो अडून बसला. त्यात 1681 मध्ये फ्रेंच आरमाराने त्रिपोलीच्या चाच्यांचा पाठलाग करत खिओस बेटाच्या बंदरावर तोफा डागल्या. भरपाईची मागणी आली. राजाच्या नावाने पैसे देणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून गियरागने स्वतःच्या नावाने भेटवस्तू देऊन वेळ निभावली. डिसेंबर 1683 मध्ये व्हिएन्नाच्या पराभवाबद्दल कारा मुस्तफाचा वध झाला. चारी बाजूंनी शत्रू उठलेले असताना फ्रान्सला दुखवणं परवडणार नव्हतं, आणि 1684 मध्ये नव्या वजिराने सोफा दिला. फ्रेंच राजदूताचं स्टूल वर गेलं ते कुणाच्या हट्टापायी नाही, व्हिएन्नातल्या हारीमुळे.

नंतर आलेला राजदूत फेरिओल याला हे कळलं नाही. 1699-1700 च्या हिवाळ्यात तो सुलतान मुस्तफा दुसरा याच्या भेटीला तोपकापी राजवाड्यात गेला. मानाची वस्त्रं घातली, आणि आत शिरताना कमरेची तलवार काढायला नकार दिला. सुलतानापुढे शस्त्र न्यायचं नाही हा पक्का दंडक होता. फेरिओलचं म्हणणं, आधीच्या राजदूताने नेली होती. धक्काबुक्की झाली, त्याने अंगावरचा काफ्तान फेकला, नजराणे परत मागवले आणि घरी गेला. पुढे दहा-अकरा वर्षं तो फ्रान्सचा राजदूत राहिला आणि सुलतानाचं दर्शन त्याला एकदाही मिळालं नाही! 1709 मध्ये त्याचं डोकं फिरल्यावर वकिलातीतल्या लोकांनीच त्याला कोंडून ठेवलं. तरी त्याने एक काम नीट केलं. व्हानमूर या चित्रकाराकडून त्याने साम्राज्यातल्या नाना जातीजमातींच्या, हुद्द्यांच्या माणसांची शंभर चित्रं काढून घेतली. 1714 मध्ये त्यांची मुद्राचित्रं छापली गेली आणि युरोपच्या मनातला ‘तुर्क’ पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच वेशात वावरला.

दुभाष्यांची अडचण

राजदूतांना बहुधा तुर्की येत नसे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला सव्हारी द ब्रेव्ह हा ठळक अपवाद. त्याला तुर्की आणि अरबी दोन्ही येत, आणि 1604 ची सनद त्याने मिळवली. बाकीचे सगळे ड्रॅगोमन, म्हणजे दुभाष्यांवर अवलंबून. हे दुभाषी इस्तंबूलच्या पेरा भागातल्या लॅटिन ख्रिस्ती घराण्यांतले, सुलतानाची प्रजा. राजदूताने वजिराला धमकी दिली तर ती तुर्कीत उच्चारायची कुणाच्या तोंडून? ज्याचं डोकं वजीर उद्या उडवू शकतो त्याच्या. साहजिकच धमकीचा विनंतीअर्ज होऊन जाई. राजदूताला वाटे आपण सडेतोड बोललो, वजिराला वाटे हा किती नम्र आहे.

म्हणून 1669 मध्ये मंत्री कोल्बेरने फ्रेंच मुलांनाच लहानपणी इस्तंबूलला पाठवून कापुशिन धर्मगुरूंकडे तुर्की शिकवायची योजना काढली. तिचाही बोजा मार्सेवर. पुढे काही मुलांचं शिक्षण पॅरिसमध्ये सुरू झालं, आणि अठराव्या शतकात वकिलातीला खरोखर जाणकार दुभाषी मिळू लागले. राजदूत चार-दहा वर्षांत जाई. हे लोक आयुष्य काढत. वकिलातीची स्मरणशक्ती म्हणजे हेच.

1728 मध्ये आलेला मार्की द व्हिलनव्ह कामापुरता गोड, हिशेबी माणूस. रशिया आणि ऑस्ट्रियाशी तुर्कांचं युद्ध चालू असताना त्याने मध्यस्थी केली आणि 1739 च्या बेलग्रेडच्या तहात ते शहर सुलतानाला परत मिळवून दिलं. बक्षीस 1740 मध्ये मिळालं. महमूद पहिला याने 85 कलमांची सनद दिली, आणि तिच्यात स्वतःबरोबर आपल्या वारसांनाही बांधून घेतलं. दर सुलतानागणिक नूतनीकरण संपलं. त्या घडीला दोन्ही बाजूंना हा मैत्रीचा सौदा वाटला असेल, पण सुलतानाने कृपा म्हणून दिलेली गोष्ट आता त्याला काढून घेता येणार नव्हती. फ्रेंच व्यापाराला उधाण आलं: लाँगदॉकचं लोकरी कापड, आणि कॉफीच्या मायदेशाशेजारी, ऑटोमन बाजारात, कॅरिबियन बेटांवरची स्वस्त कॉफी. वकिलाती स्थानिक ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व्यापाऱ्यांना ‘दुभाषी’ म्हणून संरक्षणपत्रं विकू लागल्या. कागदावरच्या या दुभाष्यांना भाषांतर करायचं नसे. त्यांना करसवलत हवी असे, आणि राजदूतांना वरकमाई.

1755 ते 1768 पर्यंत इथे असलेल्या व्हेर्जेनने रशियाविरुद्ध तुर्कांना युद्धाला उभं केलं, पण राजाची परवानगी न घेता पेऱ्यातल्या एका विधवेशी लग्न केलं आणि त्याला घरी जावं लागलं. 1774 मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन नाना फडणवीसांना भेटला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, तेव्हा पॅरिसमध्ये परराष्ट्र खातं याच व्हेर्जेनच्या हाती होतं.

श्वाझल-गुफिए (1784-1792) हा पुराणवस्तूंचा शौकीन. त्याचा माणूस फोव्हेल अथेन्समध्ये संगमरवर गोळा करत होता. पार्थेनॉनच्या शिल्पपट्टाचा एक तुकडा त्याच्यामुळे आज लूव्र संग्रहालयात आहे. उरलेल्यातलं बरंचसं घबाड पुढे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने नेलं, आणि त्याला ते साधलं त्याचं एक कारण फ्रान्सनेच पुरवलं: 1798 मध्ये नेपोलियन सुलतानाच्या इजिप्तवर उतरला. युद्ध सुरू झालं की शत्रूच्या दूताला येदीकुलेच्या बुरुजांत टाकायची ऑटोमन रीत होती. तेव्हा वकिलात सांभाळणारा प्येर रुफाँ, आयुष्यभर तुर्की शिकलेला माणूस, जवळजवळ तीन वर्षं तिथे अडकला. सुटल्यावर पुन्हा त्याच कामावर रुजू झाला. 1807 मध्ये चित्र परत उलटं: ब्रिटिश आरमार इस्तंबूलसमोर येऊन ठाकलं, फ्रेंच राजदूत सेबास्तियानीला हाकला अशी मागणी केली, आणि सेबास्तियानीने सेलिम तिसरा याच्या बाजूने किनाऱ्यावर तोफा लावायच्या कामाला हातभार लावला. ब्रिटिशांना माघारी जावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात सूर बदलला. आता अडून बसायची गरज नव्हती, जहाज आणलं की भागत असे. 1852 मध्ये राजदूत ला व्हालेत ‘शार्लमान्य’ या वाफेच्या युद्धनौकेवरून इस्तंबूलला परतला. मागणी होती बेथलेहेमच्या चर्चवर कॅथलिकांचा हक्क मान्य करायची; त्या झटापटीतून रशिया चिडला आणि 1853 मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलं. 1901 मध्ये दोन खासगी सावकारांचं जुनं येणं सुलतान देत नाही म्हणून फ्रान्सने राजदूत काढून घेतला आणि मितिलिनी बेटाचं जकात कार्यालय आरमार पाठवून ताब्यात घेतलं. ज्या जकातीत सवलत मिळावी म्हणून नुआंतेल अर्ज करत होता, ती आता फ्रेंच खलाशी वसूल करायला बसले.

सप्टेंबर 1914 मध्ये ऑटोमन सरकारने एकतर्फी जाहीर केलं की सगळ्या सनदा रद्द. तेव्हा युरोपात फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांना मारत होते. तरी इस्तंबूलमध्ये निषेधाच्या बाबतीत जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे राजदूत फ्रेंच, ब्रिटिश आणि रशियन राजदूतांच्या बरोबरीने उभे राहिले! 24 जुलै 1923 च्या लोझानच्या तहाने हे रद्द करणं कायम केलं. राजधानी अंकाराला गेली. फ्रान्स आणि ब्रिटनने बराच काळ तिकडे मुक्काम हलवायला टाळाटाळ केली. इस्तंबूलमधला पेऱ्याचा वाडा सोडून त्या धुळकट गावात कोण जाणार? 1925 मध्ये अल्बेर सारो प्रजासत्ताक तुर्कस्तानात राजदूत म्हणून आला तेव्हा त्याच्या हाती न्यायदानाचा अधिकार नव्हता, जकातीची सवलत नव्हती. टेबलावरचे विषय होते सीरियाची सरहद्द आणि फ्रेंच ठेवीदारांचं अडकलेलं ऑटोमन कर्ज, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांतले बरेच जण उत्तम फ्रेंच बोलणारे होते.